चाळीस सेकंदांत प्लग कोण काढतं?

आमच्या रुआबांध्याच्या घरात मागच्या खोलीत पूर्वी तांदळाची कोठी असायची. आता तिथं माझ्या सुनेचं, प्रांजलीचं टेबल आहे आणि टेबलावर एक लोखंडी डबा. हातभर रुंद, चार बोटं उंच, समोर अठ्ठेचाळीस भोकं. त्याला स्विच म्हणतात. दवाखाना, बँक, कॉलेज, कुठंही सगळ्या कॉम्प्युटरांच्या तारा ज्या डब्यात येऊन जुळतात, तो हा.

प्रांजलीनं मला एकदा भाजी निवडता निवडता समजावून सांगितलं होतं. कारखान्यातून नवा डबा येतो तेव्हा त्याला काहीच येत नसतं. आत फक्त एक लहानसा प्रोग्राम असतो. वीज लागली की तो जागा होतो, तारेवर विचारतो, माझी सिस्टिम कुठं मिळेल? मिळाली की आणतो, बसवतो आणि बाजूला होतो.

"म्हणजे सुईण," मी म्हटलं.

"हाव आई, सुईणच. बाळंतपण झालं की आपल्या घरी."

हा प्रोग्राम कोणा एका कंपनीचा नाही. जगात कोणीही तो उघडून वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. मी विचारलं, मग सांभाळते कोण? तिनं मलाच उलट विचारलं, "आपल्या विहाराचं अंगण कोण झाडते?"

"जो येईल तो."

"आणि चावी?"

"चावी तुझ्या सासऱ्याजवळ."

"तसंच आहे. झाडतात सगळे. चावी यंदापासून माझ्याजवळ आहे."

ती चावी तिच्याजवळ कशी आली, ते सांगायला हवं. प्रांजली चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढली. तिचे वडील सिग्नल मेंटेनर होते. यार्डातून आले की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी आज कुठली तार तुटली, ते पोरीला सांगायचे. सिग्नलची तार तुटली तर सिग्नल हिरवा राहत नाही, आपोआप लाल होतो, गाडी थांबते. बिघडायचंच असेल तर कोणाचा जीव जाणार नाही असं बिघडावं, हे तिनं शाळेत जायच्या आधी ऐकलेलं.

इंजिनीयर झाल्यावर पहिली नोकरी हथखोजला, नटबोल्टच्या एका लहान कारखान्यात. मालकानं असाच एक जुना डबा कुठून तरी उचलून आणला होता, तो मेलेला निघाला. प्रांजली तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे बसली. डबा उठला. उठवता उठवता तिला या प्रोग्रामच्या माहितीत एक चूक सापडली, तर तिनं ती लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी फिनलंडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं उत्तर, आभार, तुमची दुरुस्ती घेतली. चावी तेव्हा त्यांच्याजवळ होती. ते उत्तर छापून तिनं वडिलांना दाखवला होता. त्यालाही आता आठ वर्षं होतील. लग्न होऊन ती आमच्या घरी आली, घरी बसून एका कंपनीचं काम करू लागली, पण रोज सकाळी कामाच्या आधी दोन तास ती त्या अंगणात झाडू मारायची. यंदा चैत्रात त्या म्हाताऱ्यांनी लिहिलं, माझे डोळे थकले, चावी तू घे.

सगळ्यांना ते आवडलं नाही. एकानं, हे काम करणाऱ्या सगळ्यांना एकदम पत्र जातं त्या यादीवर, लिहिलं, घरातून, स्वयंपाकातून वेळ काढून हे होईल का? प्रांजलीनं मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, "पाहू." तिच्या हातून निघणारी प्रोग्रामची पहिली आवृत्ती श्रावणातल्या एका सोमवारी जगाला द्यायची ठरली. ती नीट गेली तर कोणी पुन्हा विचारणार नव्हतं. बिघडली तर चावी परत मागितली असती, आणि ती स्वतःच देऊन टाकणारी पोरगी आहे, हे मला माहीत होतं.

टेबलावरचा डबा आमचा नव्हता. केरळातल्या एका कॉलेजच्या मास्तरांनी तपासायला म्हणून कुरिअरनं पाठवलेला. त्यांच्याकडे तसे सतरा आहेत आणि सतराही या नव्या आवृत्तीची वाट बघत होते.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या वस्तीत घरोघरी ग्रंथवाचन असतं. त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी पाळी आमची होती. दुपारी चारला बायका जमल्या. मी वंदनेची तयारी केली, मेणबत्ती लावली, फुलं ठेवली. प्रांजली म्हणाली, "आई, डब्याला नवीन आवृत्ती लावून दिली. होईल त्याचं त्याचं. मी चहा ठेवते."

आम्ही त्रिशरणाला हात जोडले आणि मागच्या खोलीत आवाज उठला. तो डबा उठताना त्याचे पंखे असे भणाणतात की भांडी वाजतात. सिंधुताई आमच्या शेजारी राहतात, त्यांच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. डोळे मिटलेलेच ठेवून त्या म्हणाल्या, "कमलाबाई, पिठगिरणी कवा बसवली वो?"

बायका फिसकन हसल्या. मला लाज वाटली. बुद्धवंदना चालू आहे आणि माझ्या घरात हा गोंगाट! मी उठले, मागं गेले आणि सरळ प्लग ओढला. शांत झालं. परत येऊन बसले, वंदना पुढं नेली.

प्रांजली चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थांबली. शांतता तिला बरोबर ऐकू आली.

"आई, डबा कोणी बंद केला?"

"मी केला. वाचन आहे ना पोरी."

तिनं प्रत्येकीच्या हातात कप दिला, बसली, तिच्या वाट्याची दोन पानं वाचली. आवाज जराही हलला नाही. सिंधुताई जाताना म्हणाल्या, "सून मोठी गुणाची आहे तुमची." ती काहीतरी गिळून बसली आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बायका गेल्यावर तिनं प्लग लावला. पंखे फिरले नाहीत. एक लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. तिनं पुन्हा काढला, पुन्हा लावला. तोच लाल दिवा.

"मेला का?" मी विचारलं.

"हाव."

मी तिथंच कोठीच्या जुन्या पाटावर बसले. आमचे हे, जानराव, पोलादाच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिकलला होते, छत्तीस वर्षं. ते धावत आले आणि आधी माझ्यावर ओरडले. "अवं राजदीपची आई, चालू कामाचा प्लग ओढते कोणी? प्लांटमध्ये असं केलं असतं तर गेटच्या बाहेर उभी केली असती तुले!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते सुनेकडे वळले. "आन् तू? टॅग कुठं होता तुहा?"

"टॅग, बाबा?"

"काम लावलं तर टॅग लटकवायचा. कोणाचं काम, हात लावू नका. ज्यानं लटकवला त्यानंच काढायचा. बिना टॅगचं काम लावून चहा कराले गेली ना तू? मग अर्धी चूक तुही."

प्रांजली खाली बघत म्हणाली, "अर्धी नाही बाबा, पूर्ण माझी." आणि दार लोटून घेतलं.

ती तसं का म्हणाली, ते रविवारी सकाळी कळलं. पूर्वी हा प्रोग्राम स्वतःला बदलताना जुनी प्रत जपून ठेवायचा. नवी पूर्ण बसली, तपासली, की मगच जुनी पुसायची. पण त्या डब्यात जागा थोडी, म्हणून प्रांजलीनं नव्या आवृत्तीत आधी जुनी पुसून तिच्याच जागी नवी लिहायचं ठरवलं होतं. चाळीस सेकंदांचं काम. "मी म्हटलं, चाळीस सेकंदांत प्लग कोण काढतं?" ती म्हणाली. "कॉम्प्युटरातल्या खोट्या डब्यावर सगळं तपासलं आई. खऱ्या डब्याची वीज मात्र तोडून पाहिली नाही. मास्तरांचा डबा खराब होईल म्हणून भ्याले."

मग म्हणाली, "माझ्या बाबांनी यार्डात असं केलं असतं का?"

आधी मास्तरांचा डबा उठवायचा होता. तिनं झाकण उघडलं. आत तांदळाच्या कणीएवढे पाय असलेली एक चिप होती, आठ पायांची. तिला एक बारीक चिमटा लावून बाहेरून, कॉम्प्युटरातून, जुनी प्रत भरायची होती. चिमटा सारखा निसटायचा. प्रांजली रात्री जेवलीही नव्हती धड. हे म्हणाले, "सरक तिकडं." चष्मा लावला, श्वास धरला आणि चिमटा धरून पुतळ्यासारखे बसले. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा स्क्रीनवर आकडे धावू लागले. अकरा मिनिटं ह्यांनी हात हलवला नाही. नाकावर माशी बसली तर म्हणाले, "हिले हाकल ना वं." मी पदरानं वारा घातला.

पंखे भणाणले. इतका गोड गोंगाट मी कधी ऐकला नव्हता.

माझा मुलगा राजदीप चरोद्याला ड्यूटीवर निघाला होता. तो दारातून, इथल्या सवयीनं अर्ध्या हिंदीत म्हणाला, "चलो, हो गया ना! आता उद्या आवृत्ती दे सोडून. किसको पता चलेगा? चाळीस सेकंदच तर आहेत."

"तुझी आई प्रत्येक घरात आहे," प्रांजली म्हणाली. "कुठं लाइट जाईल, कुठं सफाईवाला प्लग काढेल. हजारो डबे आहेत राजदीप."

"मग काय सांगशील? जिसने रसोई का लिखा था, वो आदमी तो यही बोलेगा, देखा, नहीं हुआ."

"बोलू दे."

तिनं दुपारी पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठीत सांगून. उद्याची आवृत्ती येणार नाही. मी जुनी प्रत आधी पुसत होते, ती चूक माझी आहे. माझ्या सासूबाईंनी वंदनेच्या वेळी आवाज होतो म्हणून प्लग काढला, त्यामुळे ती उघडी पडली.

"माझं कावून लिहिलं?" मी घाबरले. "सगळ्या जगात?"

"लिहावं लागते आई. चूक जो दाखवून देते त्याचं नाव त्या दुरुस्तीखाली जाते. पद्धतच आहे."

"मी कुठं दाखवली? मी तर गिरणी बंद केली."

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. ज्यानं स्वयंपाकाचं लिहिलं होतं, त्यानं एकच ओळ लिहिली, वेळेत सांगितलं ते बरं झालं. केरळच्या मास्तरांनी लिहिलं, डबा अजून ठेवा, घाई नाही. आणि फिनलंडच्या म्हाताऱ्यांनी लिहिलं, मी हे काम एकवीस वर्षं केलं, मला अशी सासू मिळाली असती तर तीन वाईट वर्षं वाचली असती. प्रांजली ते वाचताना हसली. शनिवारपासून पहिल्यांदा.

नवं काम व्हायला नऊ दिवस लागले. दोन प्रती बसाव्यात म्हणून तिनं प्रोग्राम पिळून पिळून लहान केला. ह्यांनी एका पुठ्ठ्याला लाल रंग दिला, भोक पाडलं, दोरी ओवली आणि लिहिलं, "काम चालू आहे. हात लावू नये. प्रांजली." डब्याच्या प्लगाला तो टॅग लटकला.

दहाव्या दिवशी पुन्हा वाचनाची पाळी आमची आली. सिंधुताईंच्या घरी पाहुणे होते म्हणून त्यांनी बदलून दिली. तीन वाजता प्रांजलीनं मला मागच्या खोलीत बोलावलं.

"आई, आज खऱ्या डब्याची वीज तोडायची आहे. मी म्हणेन तेव्हा प्लग ओढा."

"बाप्पा! मी नाही. पुन्हा मेला तर?"

"मेला तर बाबा आहेत, चिमटा आहे. पण तो मरायला नको. त्यासाठीच करून राहिलो ना. पहिल्यांदा ज्यानं काढला त्यानंच काढायचा."

तिनं स्वतःच्या हातानं टॅग काढून ठेवला. काम लावलं. पंखे भणाणले. ती स्क्रीनकडे बघत मोजत होती. दहा, पंधरा, एकवीस. माझा हात प्लगावर, घामानं ओला. मनात त्रिशरण चाललेलं.

"ओढा!"

मी ओढला. शांत. तिनं पाचपर्यंत मोजलं आणि म्हणाली, "लावा."

लाल दिवा लागला. मी तिच्याकडे पाहिलं, ती दिव्याकडे. एक, दोन, तीन. मग दिवा हिरवा झाला, पंखे फिरले आणि स्क्रीनवर अक्षरं आली. तिनं बोट ठेवून सांगितलं, "लिहिलं आहे, नवी प्रत अर्धवट आहे, जुन्या प्रतीवरून उठलो."

मग म्हणाली, "पुन्हा." आम्ही अकरा वेळा केलं. दर वेळी वेगळ्या सेकंदाला. हे दारात उभे राहून भिंतीवर खडूनं रेघा ओढत होते. अकराही वेळा डबा उठला. शेवटी तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिच्या दुरुस्तीखाली एक ओळ होती, ती इंग्रजीत होती, पण नाव मला वाचता आलं. कमला जानराव रामटेके. मी ती ओळ रोजच्या वहीत उतरवून घेतली आहे.

माझ्यामुळे एक डबा मेला होता आणि या पोरीनं मला शब्दानं दुखवलं नाही. चहा दिला, वाचायला बसली, मग चूक स्वतःच्या अंगावर घेतली. आई म्हणून मी तिला काही शिकवलं नाही, तिच्याकडूनच घेतलं. रोजच्या वंदनेत मी तिचं नाव घेते, आणि यार्डातून येऊन पोरीला तुटलेल्या तारांच्या गोष्टी सांगणाऱ्या तिच्या वडिलांचंही.

तेवढ्यात चार वाजले. बायका आल्या. प्रांजलीनं शेवटचं एकदा, प्लग न ओढता पूर्ण होऊ द्यायला, काम लावलं होतं; ते नीट झालं की ती आवृत्ती जगाला द्यायची होती. आम्ही बसलो, हात जोडले, आणि मागं भणाण सुरू झाली.

"गिरणी चालू झाली वाटते," सिंधुताई म्हणाल्या.

"होऊ द्या," मी म्हटलं. "चाळीस सेकंद थांबू."

आणि आम्ही सगळ्या हात जोडून, गप्प, ती थांबायची वाट बघत बसलो.