लेकीनं बघायला सांगितलेले तीन जपानी सिनेमे

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळीत हल्ली मी जपानी सिनेमांचा जाणकार समजला जातो. कुणाचा मुलगा तिकडं नोकरीला निघाला, कुणाच्या नातीला तिथल्या चालीरीतींचं वेड लागलं, की मला गाठतात. "सर, आधी कुठला बघू?" मी सांगतो. चटयावाल्या म्हाताऱ्याचा आधी बघा, मग छत्रीच्या दुकानाचा, आणि तिसरा शेवटाला. तिसरा लावलात की मोबाईल लांब ठेवा, चहाला उठू नका, एवढं मात्र बजावतो. का, ते विचारलं तर विषय बदलतो.

आमची एकुलती एक लेक जपानात म्हाताऱ्या माणसांच्या काळजीगृहात कामाला आहे. नर्सिंग बेळगावातच केलं, मग ती भाषा शिकली, परीक्षा दिली आणि सांबऱ्याच्या विमानतळावरून भुर्रकन गेली. दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी ती म्हणाली, "पप्पा, मला एक मुलगा आवडलाय. हितलाच हाय."

बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी पहिला प्रश्न विचारला, "बौद्ध हाय का?"

"घरचे बौद्ध हाईत म्हणतोय."

झालं! माझे पाय जमिनीला लागेनात. आमचं घर निपाणीचं, धम्म घेतलेलं. मी पुढं बेळगावात हायस्कूलला इंग्रजीचा मास्तर झालो, पोरं पाया पडायला लागली, तरी "मूळ गाव कुठलं तुमचं?" ह्या प्रश्नामागचा खरा प्रश्न जन्मभर ऐकत आलेला माणूस मी. आणि आता जावई असा मिळणार होता की त्याच्या देशातच गल्लोगल्ली बुद्ध. कुणाला तो प्रश्न विचारायला तोंडच उरलं नसतं.

माझी इच्छा एकच होती. निपाणीच्या ज्या विहारात माझं लग्न झालं, तिथंच लेकीचं व्हावं. पांढरी साडी नेसून ती समोर बसावी, शेजारी तो, भंतेजींनी त्रिशरण-पंचशील द्यावं, आणि मी ते डोळ्यांनी बघावं. मानपान नको, वाजंत्री नको. विहारात जाऊन सांगूनसुद्धा आलो. खडेबाजारात बायकोनं चार दुकानं पालथी घालून साडी घेतली. निपाणीच्या माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, ही बातमी संकेश्वरापर्यंत पोचवली. लेक मात्र दर रविवारी "बघू की पप्पा" एवढंच म्हणायची.

मग एकदा म्हणाली, "पप्पा, आधी हितले दोन-तीन सिनेमे बघा. म्हंजे हितं कसं असतंय ते तुमास्नी कळंल. मला सांगायला जमत न्हाय."

शेवटचं वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

सिनेमे बघायला आक्का खास निपाणीहून आली, डबाभर चिवडा घेऊन. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचून मराठीत सांगायचं काम माझं. पहिला सिनेमा चटया विणणाऱ्या म्हाताऱ्याचा. शेजारीण त्याला लोणचं आणून देते, तो दुसऱ्या दिवशी डबा परत करतो, पण रिकामा नाही, त्यात काहीतरी घालूनच. मग ती पुन्हा काहीतरी देते. दोन तास हेच. आक्का म्हणाली, "ह्यात काय व्हणार हाय का न्हाय रं?" पण बायको खूष. "अहो, अगदी आपल्यासारखंच की! आपण तरी कुठं रिकामं भांडं परत देतोय?" मलाही बरं वाटलं. म्हटलं, माणसं आपलीच आहेत, नुसती बोलत कमी आहेत.

दुसरा छत्री दुरुस्तीच्या दुकानाचा. आई वारलेली, भाऊ-बहीण दुकान आवरायला आलेत. त्यात भंतेजी दिसले. मी सरसावून बसलो. भंतेजी सूत्र म्हणतात, उदबत्त्या लागतात, सगळी काळ्या कपड्यांत मान खाली घालून बसलेली. कुणी रडत नाही. आक्काला ते सोसवेना. "आई मेली न्हवं हेंची? मग रडा की रं माझ्या बाळांनो!" असं ती टीव्हीलाच सांगत होती. मी मात्र वाट बघत होतो की हेच भंतेजी पुढं एखाद्या लग्नाला येतील. आले नाहीत.

तिसऱ्यात एक पोरगी बेकरीत कामाला आणि एक पोरगा लिफ्टा दुरुस्त करणारा. दोघं भेटतात, चालतात, पुलावर नुसती गप्प उभी राहतात. आमचा चिवडा संपत आलेला. एका दुपारी दोघं कसल्याशा सरकारी कचेरीत जातात, टोकन घेऊन बाकावर बसतात. नंबर आल्यावर खिडकीपाशी जातात. "हे काय चाललंय?" आक्कानं विचारलं. मी म्हटलं, "रेशन कार्डाचं काम असणार." "आगं बया! तितं बी टोकन हाय व्हय?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. बायको चहा ठेवायला उठली. तेवढ्यात खिडकीतली बाई उभी राहून काहीतरी बोलली. खाली अक्षरं आली होती, ती मी हसण्याच्या नादात वाचली नाहीत. मग दोघं बाहेर येऊन टपरीवर गरम शेवयांचा वाडगा खाताना दिसली, आणि सिनेमा संपत गेला.

पुढच्या रविवारी कॉल आला तेव्हा आक्काही होती. मी आधी भंतेजींचाच विषय काढला.

"पप्पा, हितं भंतेजी माणूस गेल्यावरच बोलवत्यात," लेक म्हणाली. "लग्नाला कोण देवळात जातंय, कोण हॉल घेतंय, कोण कायच करत न्हाय."

तळपायाची आग मस्तकाला गेली. "मग हे कसले गं बौद्ध? मेल्यावरचे?"

"अहो, पोरीवर कशाला वरडताय?" बायको म्हणाली.

मी आवाज खाली आणला. "बरं. त्यांचं त्यांनी काय करायचं ते करू दे. आपल्याकडचं लग्न निपाणीत. तू तारीख सांग."

तिनं मोबाईल ह्या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाली, "पप्पा, तिसरा सिनेमा बघितलासा?"

"बघितला."

"त्यातलं लग्न?"

"कुठलं लग्न? शेवटपातूर लग्नच न्हाय त्यात."

"कचेरीत लग्नाचा कागद द्यायला गेलती की दोघं. खिडकीतली बाई उभी ऱ्हाऊन अभिनंदन म्हणाली. तेच लग्न, पप्पा. हितं तेवढंच लागतंय." मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमचं बी तसंच झालंय. सिनेमे बघा म्हणायच्या आदीच."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा बायकोचा हात माझ्या मनगटावर घट्ट बसला होता. आक्का पुटपुटली, "म्हंजे पोरगी नांदाय लागली बी?"

त्याची दुसऱ्या शहरात बदली झाली होती, एकत्र घर मिळवायला नवरा-बायको असणं सोपं पडत होतं, असं काहीतरी ती सांगत होती. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. जन्मभर पोरांना उतारे वाचून अर्थ सांगायला लावले, आणि माझ्या लेकीनं मोठ्या धीरानं मला जे वाचायला दिलं ते रेशन कार्ड म्हणून हसून सोडलं. लोक काय म्हणतील, विहारात काय सांगू, ह्याचं मला त्या घटकेला काही वाटलं नाही. मी तिथं नव्हतो, एवढंच वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं. ओरडावं तर ओरडून होणार काय? झालेलं लग्न पुन्हा कसं बघू?

"ठेव फोन," मी म्हटलं.

"थांबा पप्पा, ह्यास्नी बोलायचंय."

पोरगा पडद्यावर आला. मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवलेला. तो गुडघे दुमडून चटईवर बसला, त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलला, मग दोन्ही हात पुढं टेकून त्यानं कपाळ चटईला लावलं. नुसते काळे केस दिसत होते. आमचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. मालक आला की पाठीवर पोतं असो-नसो, ते अर्धे व्हायचे. मला शाळेत घालताना त्यांनी मास्तरांना एवढंच सांगितलं होतं की ह्याला ताठ उभं राहायला शिकवा. माझ्यासमोर कुणी असं वाकलेलं मला बघवत नाही.

"अरे उठ! उठ बाबा!" मी ओरडलो. "उठो बेटा! प्लीज गेट अप! एळप्पा, मेले एळु!" कन्नडसुद्धा बोललो त्या जपानी पोराशी. तो हलला नाही. माझं म्हणणं लेकीनं त्याला त्याच्या भाषेत सांगायला हवं होतं, पण ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिनंही तसंच कपाळ टेकलं. माझी पोरगी, माझ्यापुढं, एखाद्या परक्यापुढं वाकावं तशी.

"अहो, माफ केलं म्हणा की," बायको रडत म्हणाली. "तेवढं म्हणा, म्हंजे उठतील."

चार भाषांत उठा उठा म्हणून झालं होतं. 'माफ केलं' हे एक मला कुठल्याच भाषेत म्हणता येईना, आणि ती दोघं काही उठत नव्हती.