पुढे-चला काका

आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यांनी इतकी वर्षं दर्शनाची रांग हलवली, की आता कुणी एका जागी उभं राहिलेलं त्यांना बघवत नाही. ज्यांच्या घरी संध्याकाळी कुणीच नसतं, अशा मुलांसाठी आम्ही लालबागला अभ्यासिका चालवतो. तिथेही हे टाळ्या वाजवत फिरतात, ‘चला, पुढे चला, मागे गर्दी आहे!’ मागे नुसती भिंत असते. मुलं त्यांना पुढे-चला काकाच म्हणतात.

मध्यंतरी आम्हा दोघांना दादरला संस्थाबांधणीच्या शिबिराला पाठवलं. शिकवणाऱ्या मॅडम ‘संस्थेची क्षमता म्हणजे काय?’ या एकाच स्लाइडवर अडकल्या होत्या. काका उठलेच. ‘मॅडम, लाइन तुंबली. पुढे चला!’

मॅडम भडकल्या. ‘मग तुम्हीच सांगा, क्षमता कशी वाढवाल?’

‘लाइन हलती ठेवायची. बाकी बाप्पा बघतो.’

मी हसू दाबता दाबता खोकले.

परवा अभ्यासिका बंद करताना त्यांनी सगळ्या पोरांना असंच बाहेर काढलं. एक चिमुरडी मात्र चपलेचा पट्टा लावत आणि काढत बसली होती. तिची आई अजून कामावरून यायची होती. मी काकांना खुणेनंच विचारलं, हिचं काय?

‘ही नवसाच्या लाइनीतली ओ, बाई. ती लाइन हळूहळूच सरकते.’

आणि झाडलेली खोली ते पुन्हा झाडायला लागले. तिसऱ्यांदा झाडत असताना आई धापा टाकत दारात आली. काकांनी झाडू खाली ठेवला.

‘सावकाश या, ताई. मागे गर्दी नाय.’