विंगेतून दिलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे. ऐंशीच्या घरात मन हलकं करून जायचंय कुठे?

आमच्या हौशी नाट्यमंडळानं शैलाचा सत्कार ठरवलाय. तिला तुम्ही ओळखता. तिनं लिहिलेली नाटकं पाहिलीत, तिच्या पटकथांचे सिनेमे पाहिलेत, आता ती स्वतः निर्माती आहे. पण तिची सुरुवात नटी म्हणून झाली, पनवेलला, आमच्या मंडळात, माझ्या नाटकात. म्हणून मंडळाचा चिटणीस सुकापूरला माझ्या घरी आला. "काका, स्मरणिकेत तुमचा लेख हवाच. तुम्ही तिचे गुरू. दोन गोड आठवणी लिहा, झालं." मी त्याला चहा पाजला आणि हो म्हटलं. हा तो लेख. गोड नाही.

चाळीसेक वर्षं झाली असतील. मी कळंबोलीला लोखंडाच्या वखारीत कारकून होतो आणि संध्याकाळी नाटककार. नाटक माझं असलं की विंगेत वही घेऊन मीच बसायचो. आपला शब्द कुणी चुकवू नये म्हणून. प्रॉम्प्टर असा दुसरा कोण मिळणार?

शैला जवळच्या ओवे गावची. वडील मिठागरावर राबलेले, आणि ते मिठागर नव्या शहराच्या भरावाखाली गेलेलं. माझ्या नाटकात मिठागरावरची एक मुलगी शहरातल्या घरात सून म्हणून येते. मधल्या अंकात ती सासऱ्याला पहिल्यांदा माहेराबद्दल सांगते. तो प्रवेश मी फार सजवून लिहिला होता — चांदणं काय, शुभ्रता काय. चार दिवस शैलानं तो मुकाट्यानं म्हटला. पाचव्या दिवशी थांबली.

"दादा, रागावू नका. पन मिठागरावरची पोर अशी नाय बोलत."

"मग कशी बोलते? लिहून आण की," मी म्हणालो. टोमणा होता तो. तिला कळला नाही — की कळला?

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या वहीची दोन पानं लिहून आणली. तिच्या घरच्या बोलीत. बाप रोज सकाळी उठून बुजवलेल्या मिठागराच्या जागी जातो, मातीवर उभा राहतो आणि न्याहारीला परत येतो. एवढंच होतं त्यात. तिनं ते करून दाखवलं आणि तालमीच्या वर्गात कुणी हललं नाही. आमचे दिग्दर्शक, चित्रकलेचे मास्तर, म्हणाले, "हेच ठेवू या." सासऱ्याचं काम करणारे बँकेतले कॅशियर माझ्याकडे वळले. "लेखक महाशय, तुमच्या पंधरा उपमा गेल्या, पण सून घरात आली." सगळे हसले. मीही हसलो.

मुद्द्यावर यायला वेळ लावतोय, कळतंय मला.

सगळ्यांनी ती दोन पानं उतरवून घेऊन आपापल्या वहीत चिकटवली. मी चिकटवली नाहीत. ऐन वेळी बुद्धी फिरली, असं म्हणायची सोय म्हणूनच मला नाही.

स्पर्धेचा प्रयोग. मधला अंक. तो प्रवेश सुरू होण्याआधी शैलानं प्रेक्षकांकडे पाठ करून माठापाशी थांबायचं, असं मास्तरांनी बसवलं होतं. चांगलं लांबलचक थांबायचं. ती थांबली. ती अडली नव्हती. तिला काही नको होतं. आणि मी विंगेतून वाक्य दिलं — तिच्या प्रवेशाचं नव्हे, त्याच्या पुढच्या प्रवेशाचं पहिलं.

रंगमंचावर असताना विंगेतला आवाज नट तपासून घेत नाही. ऐकलेलं वाक्य विचार करायच्या आधी तोंडातून निघून जातं. प्रॉम्प्टरवरचा सगळा विश्वास यावरच चालतो. शैलानं ते वाक्य म्हटलं. कॅशियर दचकले, पण उत्तर दिलं, आणि नाटक तिच्या दोन पानांवरून उडी मारून पुढे गेलं. शेवटच्या अंकात सासरा सुनेपुढे हात का जोडतो, ते कुणालाच कळलं नाही. परीक्षक म्हणाले, सून उभीच राहत नाही. आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. माझंच नाटक. मीच पाडलं.

हे एवढंच असतं तरी पुरे होतं.

मेकअप न उतरवता शैला माझ्यापुढे आली. "दादा, तुमी पुढचा वाक्य दिलात."

"मी? मी वहीत बोट घालून गप्प बसलो होतो. स्वतः लिहिलेलं विसरलीस आणि माझ्यावर ढकलतेस?"

"मला ऐकू आला."

"भीतीनं माणसाला काहीही ऐकू येतं," मी म्हणालो. सगळ्यांदेखत. वही माझ्या हातात होती. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? थोड्या वेळानं तिनं स्वतःवरही ठेवला नाही. मास्तरांची माफी मागितली. कॅशियरांची मागितली. माझी मागितली. मी म्हणालो, "असू दे."

दोनेक वर्षांत तिनं काम करणं सोडलं. मुलाखतींत ती हसत सांगते, "माझं डोकं ऐन वेळी दगा देतं, म्हणून मी रंगमंच सोडून कागद धरला." आणि नाटक तिच्या संस्थेचं असलं की पहिले काही प्रयोग ती स्वतः विंगेत संहिता घेऊन बसते. एवढी मोठी निर्माती, पण किती साधी, असं लोक म्हणतात. ती तिथे का बसते, हे मला माहीत आहे.

आता कुणीतरी म्हणेलच — काका, तुमच्यामुळेच तर ती लेखिका झाली. खबरदार. ती लेखिका आधीच होती. दोन पानं लिहून आली होती, आणि ती चांगली होती म्हणूनच मी ती पाडली. माझ्यामुळे झालं ते एकच. एक नटी गेली. ज्यांनी तिला त्या तालमीत पाहिलं, त्यांना विचारा काय गेलं ते. त्यातले आता फार उरले नाहीत.

हा लेख चिटणीसाला देण्याआधी मी शैलाला फोन केला. सगळा वाचून दाखवला, इथवर. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबलो. मग ती बोलली, आणि इतक्या वर्षांची शहरी भाषा तिच्या तोंडून गळून पडली होती.

"'मामंजी, चहा निवतोय तुमचा.' ह्योच वाक्य ना, दादा?"

"हो," मी म्हणालो.

"मंग मला बरोबर ऐकू आल्ता."

तिनं फोन ठेवला. चिटणीसांनी यातला एक शब्दही बदलू नये. सत्काराला माझी खुर्ची मांडू नये.