रिंगणीची धुरी

गडमुडशिंगीत कुणाचा दात ठणकायला लागला की तो आधी माझ्या काकीचं दार गाठायचा. पाण्याच्या ताटात वीट, विटेवर लाल तापवलेलं लोखंड, त्यावर तेलात घोळलेल्या काटेरिंगणीच्या बिया. वर भोकाचं मडकं उपडं घालून ती भोकात पपईच्या देठाची नळी बसवायची आणि दुखऱ्या दाताला धूर द्यायची. मडकं उचललं की पाण्यावर पांढरे बारीक किडे तरंगत असायचे; दातातली कीड पडली, म्हणायचे सगळे. कुणाकडून तिनं कधी सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही.

मी दातांचा डॉक्टर झालो, कोल्हापुरात दवाखाना टाकला आणि गावच्या शाळेत मोफत तपासणी शिबिर घेतलं. त्या दिवशी माझ्या अंगात जरा जास्तच आलं होतं. सगळ्यांसमोर मी तीच मांडणी केली, फक्त नळीला कुणाचं तोंड लावलं नाही. मडकं उचललं, तर किडे हजर!

"हे किडे नव्हेत, बियांच्या आतले कोंब आहेत. इतकी वर्षं गावाला छान गंडवलं की!"

हशा पिकला. पुतण्या बोलणार म्हणून काकी ठेवणीतलं लुगडं नेसून पुढंच बसली होती, आणि मला ती दिसत होती. ती उठली.

"मला ठावं न्हवतं बाबा. मला किडंच वाटायचं. पर लोकांचा ठणका थांबायचा की. त्यो कशानं?"

त्या धुरानं हिरडी थोडा वेळ बधिर होत असावी. कीड तशीच राहते, पण दुखणं दबतं. दहावीच्या परीक्षेत माझीच दाढ तिनं अशी शांत केली होती. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मला जिंकायचं होतं.

"मनाचे खेळ, काकी," मी म्हणालो. पुन्हा हशा.

"असंल, डाक्टरसाहेब," म्हणून ती खाली बसली. त्याआधी तिनं मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

पुढं तिच्याकडं कुणी येईना. येताजाता पोरं विचारायची, "काकी, किडं हायती का?" हे कानावर आलं तेव्हा मला माझीच किळस आली. मी घरी जाऊन तिला धुराचं खरं काय ते सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय? मग हे तितंच का न्हाई सांगिटलंस, सगळ्यांम्होरं? आता मला एकटीला सांगून काय उपेग?"

त्या शाळेत मी अजून दुसरं शिबिर घेतलेलं नाही.