उकंडा खोब्रागडेंची सेडान आणि घरातली नवी वॅगन

बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात उकंडा खोब्रागडे यांनी अठरा वर्षं एकच गाडी भाड्याने चालवली. पांढरी सेडान, मागे मोठी डिक्की. कोणाला यवतमाळला जायचं असो की नागपूरला, फोन उकंडाभाऊंनाच जायचा. गेल्या वर्षी मुलगा संघर्ष याने सात सीटांची नवी वॅगन घेतली, आणि दोन गाड्या अंगणात शेजारी उभ्या राहिल्यापासून घरात वाद सुरू झाला.

"बाबा, मागच्या सीटा पाडल्या की सहा फूट जागा होते," संघर्ष म्हणायचा. "तुमच्या गाडीत काय होते?"

"माह्या गाडीत माणूस आरामात बसते. तुही गाडी उंच हाय, वळणावर डोलते. अन् क्लच नाई, ते काय गाडी हाय का?"

सून मोनाली या वादात कधी पडली नाही. ती याच वॅगनवर गाडी शिकली होती आणि बाभुळगावपर्यंत जाऊन यायची. सासरे मात्र तिच्या शेजारी एकदाही बसले नव्हते.

मार्चमधल्या एका दुपारी शेजारचे भगवानराव छतावर पाण्याची टाकी बसवत होते. शिडी सरकली आणि ते थेट सिमेंटच्या ओट्यावर पाठीवर पडले. शुद्धीवर होते, पण कमरेखालचं काही कळत नव्हतं. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई पुष्पाताई धावत आल्या. त्यांनी कोणालाही भगवानरावांना उठवू दिलं नाही.

"पाठ वाकली नाई पाह्यजे. आडवंच न्या."

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. यायला सव्वा तास लागेल असं कळलं. लोकांनी न्हाणीचं दार काढून भगवानरावांना त्यावर सरकवलं, चादरींनी बांधलं. तोवर उकंडाभाऊंनी सेडान आणून लावली होती. संघर्ष त्या दिवशी बसने अमरावतीला गेला होता.

दार मागच्या सीटवर आडवं जाईना. तिरपं केलं, तरी हातभर बाहेर राहिलं.

"पुढची सीट पाडतो, दार जाईन," उकंडाभाऊ म्हणाले.

पुन्हा उचललं. दार कलंडलं आणि भगवानराव असे ओरडले की चौघांचे हात जागीच थांबले.

"मामाजी, या गाडीत दार सरळ जाईन," मोनाली म्हणाली. तिने वॅगनच्या दोन्ही मागच्या रांगा पाडल्या होत्या आणि मागचं दार वर उचलून ती उभी होती.

उकंडाभाऊंनी उचलायला हात लावला. न्हाणीचं दार सरळ आत गेलं. मग ते सवयीने स्टिअरिंगवर जाऊन बसले. गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि डावा पाय क्लच शोधत जोरात खाली गेला. तिथे ब्रेक होता. गाडीला हिसका बसला. मागून भगवानराव कळवळले.

 उकंडाभाऊंनी गाडी बंद केली.

"पोरी, तू बस."

"मामाजी, मी यवतमाळपर्यंत कधी..."

"रस्ता मी सांगतो. तू फक्त गाडी सांभाळ."

ते मागे आले, पुढच्या सीटांना पाठ टेकून खाली बसले आणि भगवानरावांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, जराही हलू नये म्हणून. पुष्पाताई पायाशी बसल्या. उकंडाभाऊंना पुढचा रस्ता दिसत नव्हता. मागच्या काचेतून सरत जाणारी बाभळीची झाडं तेवढी दिसत होती. त्या झाडांवरून ते सांगत होते.

"आता शाळा येते. दोन गतिरोधक हायेत, दुसरा मोठा."

गाडी जवळजवळ थांबून वर चढली, उतरली.

"नाल्याचा पूल. डावीकडून घे, उजवीकडं खड्डा हाय."

"मामाजी, डावीकडं कापसाचा ट्रॅक्टर उभा हाय."

"मंग थांब. हॉर्न दे. त्याले हलू दे."

ट्रॅक्टर हलायला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांत भगवानरावांनी हळूच विचारलं, "उकंडा, माह्ये पाय झाकले का रे? कळून नाई राह्यलं."

पुष्पाताईंनी मान खाली घातली.

"झाकले हायेत," उकंडाभाऊ म्हणाले. "तू बोलू नोको."

पुढे पाऊण तास उकंडाभाऊ फक्त रस्ता सांगत राहिले. मोनालीच्या ब्लाउजची पाठ भिजून गेली होती. हायवेवर एक ट्रक अगदी खेटून गेला, तरी तिने गाडी सरळच ठेवली.

यवतमाळच्या दवाखान्यात दार तसंच्या तसं बाहेर काढायला माणसं आली. उकंडाभाऊंना भगवानरावांचं डोकं सोडता येईना. बोटं आखडली होती. वॉर्डबॉयने एकेक करून सोडवली, मग दार बाहेर आलं.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. मणका मोडला होता, नस दबली होती, पण तुटली नव्हती.

"सीटवर बसवून आणलं असतं तर?" उकंडाभाऊंनी विचारलं.

"तर मी काही सांगू शकलो नसतो."

 उकंडाभाऊंनी मोनालीसाठी चहा आणला.

"माह्यानं झालं नसतं हे," ते म्हणाले. "दोन्ही गोष्टी. गाडी बी, चालवनं बी."

"रस्ता तुम्हीच सांगितला ना, मामाजी."

ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी भगवानरावांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. तीन महिन्यांनी ते वॉकर धरून अंगणात चालू लागले. डावा पाय अजून ओढावा लागतो, आणि तो पुरता सुधारेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

सेडान विकलेली नाही. लग्नसराईत उकंडाभाऊ ती अजून काढतात आणि नागपूरच्या रस्त्यावर तिच्यासारखी बैठक नाही असं सांगतात. पण पेशंटसाठी फोन आला, की ते आधी विचारतात, "बसू शकते का?" समोरचा "नाई" म्हणाला, की फोन घेऊन मोनालीला हाक मारतात.