एका सीटवर एकच

पोर एखाद्या अक्षरावर अडलं की चाचा स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं एकदा टण् करायचे. बरोबर वाचलं की दोनदा. "चला, पुढं सरका!"

आयुष्यभर एसटीत कंडक्टर असलेला हा माणूस आमच्या क्लासच्या जिन्याखालच्या खोलीत लहान पोरांना लिहायला-वाचायला शिकवायचा. एका वेळी एकच पोर. वर हॉलमध्ये माझे मिस्टर दोनशे मुलांना फिजिक्स शिकवत. प्रवेशाचं मी बघत असे. मी म्हटलं, "चाचा, दहा-दहाची बॅच करा की."

"न्हाई मॅडम. जन्मभर माणसं कोंबली. आता एका सीटवर एकच पॅसेंजर."

भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. तरी ते वीट लावून दार उघडंच ठेवत, पोराला दाराशी बसवत आणि स्वतः आत भिंतीला टेकत. "जमीन हलली तर पॅसेंजर आधी उतरायला पायजे." तेव्हा लातुरात राहिला असाल, तर तुम्हीही याला हसला नसता.

आमची सोनल दुसरीत, वर्गात पहिली. अक्षर सुधारावं म्हणून मी तिला खाली पाठवली. तिसऱ्या दिवशी चाचा वर आले. टेबलापुढचे पालक जाईपर्यंत कोपऱ्यात थांबले.

"मॅडम, पोरगी वाचत न्हाई. पाठ म्हणून राहिली."

"पाठ आहे म्हणजे येतंच की."

"चित्रावर अंगठा ठेवला की गाडी बंद."

मी पुस्तक घेऊन चित्र झाकलं. सोनल माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अख्खं पुस्तक पाठ होतं, ओळ वाचता येत नव्हती. आणि आमच्या दारात डॉक्टर घडवण्याचा बोर्ड!

"कुणाला बोलू नका," मी म्हटलं.

"कंडक्टर पॅसेंजरची चुगली करतो व्हय?"

त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. पाटीवर रोज नव्या गाड्यांची नावं. मुरुड, रेणापूर, उदगीर. तिनं वाचायची, मग स्वतः लिहायची. "आज हाय ते उद्या न्हाई. पाठ कुठवर करशील बेटा?" सोनल रडायची. महिनोन्‌महिने खालून एकच टण् ऐकू येई.

मे महिन्यात प्रवेशाची गर्दी जिन्यावर मावेना. काउंटरसाठी ती खोली हवी होती. मी चाचांना स्पष्ट सांगितलं. दुसरी खोली बघून देते असंही मी म्हणाले, बघितली नाही.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. हदगावला लेक बोलावून राहिली." मग सोनलकडे बघून म्हणाले, "फक्त हिचा स्टॉप यायचा होता."

सोनल रडायची थांबेना, म्हणून आम्ही त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. चाचा लोखंडी पेटीवर बसले. "बेटा, चष्मा पेटीत ऱ्हायला. माझी गाडी तूच हुडक."

मी हात वर करून दाखवणार, तोच ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही गप बसा."

सोनल एकेका गाडीपुढून गेली. एकीपाशी बराच वेळ थांबली. "ह... द... गा... व. चाचा, हदगाव!"

पेला पेटीत होता. चाचांनी उठून गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. ड्रायव्हरला वाटलं, निघायचा इशारा. त्यानं गाडी हलवली. चाचा पेटी उचलून ओरडत, कसेबसे चढले. निरोप राहूनच गेला.

परतताना सोनल वाटेतला प्रत्येक बोर्ड वाचत होती. आमच्या दारातल्या बोर्डापाशीही थांबली. शेवटची ओळ होती, 'प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष'. जोडाक्षरांवर ती अडखळत होती. काउंटरवर पालक माझी वाट बघत होते.

तिचं वाचून होईपर्यंत मी उभी राहिले.