टिटवीच्या वाटेनं

माझ्या थोरल्या नणंदेइतकी हट्टी बाई अणदूरच्या पंचक्रोशीत झाली नाही, आणि पुन्हा होऊही नये, असं मी चारचौघींत बिनदिक्कत सांगत असे. वन्संना माणसांचं कौतुक बेताचंच. सगळा जीव रानातल्या जिवांवर. बांधावरचा निवडुंग तोडायचा नाही, कारण त्याच्या बुडाशी साळिंदरानं ये-जा करून वाट पाडलीय. उन्हाळ्यात टिटवी उघड्या ढेकळांतच अंडी घाली. तेवढा तुकडा नांगरायचा नाही, आणि जवळून जायचं तर चरणाऱ्या गुरासारखं वाकून, तिरकं, थांबत थांबत. "गुराला ती भीत न्हाय. सरळ चालत येतंय ते माणूस, त्याच्यावर वरडती," त्या बजावत. नवी सून मी, भाकरीची पाटी काखेत धरून तशी वाकत निघाले की शेजारचे गडी पोट धरून हसत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मग रझाकारांचे दिवस आले. हे, माझे यजमान, निझामाविरुद्ध सभेत बोलले म्हणून रझाकार त्यांना शोधत होते. एका दुपारी आम्ही तिघं शेतात असताना ओढ्याकडून घोडी येताना दिसली. हे पळणार, तोच वन्संनी मनगट धरलं. "पळू नगंस! वाक!" टिटवी ओरडली असती तर सगळ्यांच्या माना इकडंच वळल्या असत्या. आम्ही गुरांसारखे रमतगमत निघालो. ती अंड्यांवरून हललीसुद्धा नाही. साळिंदराच्या वाटेनं निवडुंगात शिरलो.

थोड्या वेळानं वर टिटवीचा एकच कल्लोळ उठला. माणसं सरळ चालत आली होती. काठ्या निवडुंगावर बसल्या, काटे लागले, शिव्या ऐकू आल्या. मग टापा दूर गेल्या.

"आक्का, गेले की ते!" हे बाहेर सरकले. वन्सं त्यांच्या धोतराच्या सोग्यावर फतकल मारून बसल्या. "तू गप. ती अजून अंड्यावर बसली न्हाय."

एवढ्यात बांधापलीकडं कुणीतरी खाकरलं. एकजण मागं दबा धरून होता! मी पदर तोंडात कोंबला. टिटवी ओरडतच राहिली. कितीतरी वेळानं जड पावलं लांब गेली, तिचा आवाज उतरला, थांबला. वन्संनी फटीतून पाहिलं. "बसली गं बाई," म्हणाल्या, आणि धोतर सोडलं. त्यानंतर मी त्यांना हट्टी म्हटलं नाही.

आता वन्सं नाहीत, हेही नाहीत. माझी कंबर वयानंच वाकलीय, चार पावलांवर दम लागतो. उन्हाळ्यात त्या तुकड्याजवळून जाते, तेव्हा टिटवी मान वळवून बघते आणि गप्प बसून राहते. वन्सं, हे बघायला तुम्ही हव्या होतात.